आमचे दोन तास परत द्या : एका अंगणवाडी सेविकेचं खुलं पत्र

अंगणवाडीचं वेळापत्रक, प्रशिक्षणं आणि मोबाईलवरची कामं ठरवणाऱ्या सर्व साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात बावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. गेल्या महिन्यात आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय होता 'बालकांचे स्वनियमन', म्हणजे लेकरानं स्वतःला आवरायला शिकणं. सभागृहात शंभरावर बाया, दोन पंखे आणि समोर पडदा. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, तळमळीनं बोलत होत्या. लेकराला राग आला तर त्याच्या उंचीला खाली बसा, त्याला काय वाटतंय ते त्याला शब्दांत सांगा, आपला आवाज चढवू नका, त्याला वेळ द्या. आम्ही माना डोलावत होतो. तेवढ्यात मांडीवरच्या फोनवर ग्रुपचा मेसेज आला : चेहरा पडताळणी (आहार घेणाऱ्या बाईचा चेहरा फोनवर जुळवणं) अपूर्ण असलेल्या केंद्रांची यादी, आज सायंकाळपर्यंत पूर्ण न केल्यास मानधन कपातीचा प्रस्ताव. यादीत माझं केंद्र सातवं होतं.

पडद्यावर 'वेळ द्या' आणि मांडीवर 'आज सायंकाळपर्यंत'. घरी येईपर्यंत एसटीत मी हे पत्र मनातल्या मनात अर्धं लिहिलं होतं.

स्वनियमन हा शब्द आमच्याकडं कुणी बोलत नाही. 'त्याला दम निघत नाही' असं म्हणतात. वर्षभरानं तेच लेकरू हातात ताटली घेऊन ओळीत आपली पाळी यायची वाट बघायला लागलं की म्हणतात, 'आता जरा शहाणं झालं.' मधल्या वर्षात काय झालं हे कुणी विचारत नाही. तुमच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्येही त्याचा रकाना नाही, म्हणून इथं सांगते.

'शिवाजी म्हणतो' हा खेळ तुम्हीही लहानपणी खेळला असाल. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटलं तर हात वर करायचे, नुसतं 'हात वर' म्हटलं तर करायचे नाहीत. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण साडेतीन वर्षांच्या पोराकडं बघा. 'खाली बसा' कानावर पडताच त्याचे गुडघे वाकतात, अर्ध्यात त्याच्या ध्यानात येतं की शिवाजी तर काही बोललाच नाही, आणि ते खालचा ओठ दातात धरून तसंच अधांतरी थांबतं. मी त्या अर्ध्या वाकलेल्या गुडघ्यांसाठी हा खेळ घेते. नियम डोक्यात ठेवायचा, अंगात आलेली उबळ आवरायची, दोन्ही एकाच वेळी. जूनमध्ये माझ्या वीस लेकरांतली चार थांबतात. दिवाळीपर्यंत बारा-तेरा थांबायला लागतात. मग मी नियमच उलटा करते, 'हात वर' म्हटलं की खाली घ्यायचे. परत सगळा गोंधळ, परत हसून हसून लोळण.

दुसरा खेळ शांततेचा. माँटेसरीबाईंच्या पद्धतीतला, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्या मातीत रुजवलेल्या बालशिक्षणातून आमच्यापर्यंत आलेला. डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकायचं. पिठाच्या गिरणीचा पट्टा, शेळीच्या गळ्यातली घंटी, फाट्यावर एसटीनं बदललेला गिअर. मग मी दाराआडून एकेकाचं नाव अगदी हळू घेते. ज्याचं नाव येईल त्यानं पाय न वाजवता माझ्याकडं यायचं. शेवटच्या लेकराला एकोणीस नावं होईपर्यंत वाट बघावी लागते. कुणी 'गप्प बसा' म्हटलेलं नसताना वीस लेकरं चार-पाच मिनिटं गप्प असतात. हे जमायला मला तीन महिने लागतात. मोडायला एक फोन पुरतो.

'अंगणवाडी' हा शब्दसुद्धा ताराबाईंच्याच कामातून आला. १९४५ साली त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीवरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारनं देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि आज तो मराठी शब्द देशभर चालतो. योजनेत सहा सेवा आहेत. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात पाठवणं), पोषण-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. माझ्या बावीस वर्षांत पहिल्या पाचांचा हिशेब मला नेहमी मागितला गेला. सहाव्याचा फक्त फोटो मागितला जातो.

आता माझी स्वतःची चूक सांगते. लिहायला लाज वाटते, पण ती झाकून बाकीचं सांगितलं तर तुम्ही म्हणाल ही बाई नुसतं गाऱ्हाणं घेऊन आली.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी पोषण ट्रॅकरवर लाभार्थ्याचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. ऑगस्टातली गोष्ट. सकाळचे अकरा. दारात सात बाया, त्यांतल्या दोघी गरोदर. नेटवर्क येतं मारुतीच्या ओट्यावर, म्हणून आम्ही सगळ्या ओट्यावर. एकीचा चेहरा जुळेना, आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. दुसरीचा ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर आणि नवरा कामाला कर्नाटकात. आत मदतनीसताई एका हातानं खिचडी बघत, दुसऱ्या हातानं वीस लेकरं सांभाळत. एक चार वर्षांचा मुलगा, त्याला इथं बंडू म्हणू या, माझा पदर ओढत आला. 'बाई, आता शिवाजी?' मी म्हटलं, 'दोन मिनिटं.' तो गेला, परत आला. 'दोन मिनिटं.' परत आला. 'दोन मिनिटं बाळा, जा.' चौथ्यांदा त्यानं माझ्या हाताला हिसका दिला, फोन ओट्यावर पडला, पडताळणी होता होता राहिली, आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

तो रडला नाही. माझ्याकडं बघितलं आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसला. त्या दिवशी खिचडी खाल्ली नाही त्यानं.

दोन दिवसांनी पोरी भातुकली खेळत होत्या. एकीनं कौलाचा तुकडा बाहुलीच्या तोंडासमोर धरला होता. 'डोळे मिचकाव. परत मिचकाव. हलू नको ना गं! थांब, दोन मिनिटं!' हुबेहूब माझा आवाज. मी हसले आणि मग हसू येईना.

प्रशिक्षणात आम्हाला तो प्रसिद्ध प्रयोगही सांगितला. अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेला. लेकरापुढं एक गोड गोळा ठेवायचा, सांगायचं की मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. जी लेकरं थांबली ती पुढं आयुष्यात चांगली निघाली, असा निष्कर्ष सांगून मॅडमनी पुढची स्लाईड घेतली. माझी मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'आई, अर्धीच गोष्ट सांगितली तुम्हाला.'

उरलेली अर्धी अशी. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हे परत तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्या थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध खूपच फिका पडला. आणि त्याआधी, २०१३ साली, अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड नावाच्या संशोधक बाईंनी एक वेगळीच युक्ती केली होती. गोड गोळा देण्याआधी लेकरांना सांगितलं, थांब, तुला चित्र काढायला याहून छान रंग आणून देते. निम्म्या लेकरांना ते आणून दिले. उरलेल्यांना येऊन सांगितलं, नाहीत बाळा, संपले. मग खरा खेळ. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती लेकरं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. दम न निघणारी लेकरं मुळात वांड नसतात. मोठ्या माणसाच्या शब्दाला किती किंमत आहे, हे ती आपल्याहून लवकर ओळखतात.

मला बंडूची 'दोन मिनिटं' आठवली. त्यानं तीनदा वाट बघितली होती. शिकवून शिकवून त्याच्यात आलेला धीर त्यानं तीनदा वापरला, आणि तीनदा मी त्याच्यापुढं खोटी ठरले.

आता तुमच्याबद्दलच्या तक्रारी.

पहिली आणि मोठी, वेळेची. 'पोषण भी पढाई भी' ही मोहीम मे २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा प्रत्येक लेकराला रोज किमान दोन तास दर्जेदार शाळापूर्व शिक्षण मिळेल असं केंद्र सरकारनंच जाहीर केलं. २०२४ मध्ये तीन ते सहा वयाच्या लेकरांसाठी 'आधारशिला' अभ्यासक्रम आला. तो वाचला आहे मी, बराच चांगला आहे. पण ते दोन तास कोणते? साडेदहाला गोल करून बसावं तर चेहरा पडताळणी, त्यानंतर वजन-उंचीची नोंद, मग सर्वेक्षण, मग 'तातडीने' म्हणून आलेली माहिती. २०२४ ला लाडक्या बहिणीचे अर्ज भरायलाही आम्हीच होतो. बायांना पैसे मिळाले याचा आनंदच आहे, पण त्या पावसाळ्यात माझ्या गावातल्या लेकरांचा शांततेचा खेळ एकदाही पुरा झाला नाही.

दुसरी, दिलेल्या शब्दाची. आहाराची गाडी 'सोमवारी येईल' असं वरून कळतं. मी बायांना सांगते, लेकरांना सांगते. सोमवार जातो, गुरुवार जातो. मानधनाचंही तेच. रिकाम्या जागी नेमणूक करू म्हणतात आणि दीड वर्ष शेजारच्या वस्तीची अंगणवाडीही माझ्याच गळ्यात. गाडी पंक्चर होते, टेंडर अडकतं, मला कळतं. पण मग 'सोमवारी' म्हणू नका. 'अजून नक्की नाही' म्हणा. लेकरांनाही ते चालतं. मी आता बंडूला 'दोन मिनिटं' म्हणत नाही, 'या सगळ्या मावश्या गेल्या की' म्हणते, आणि तो ओट्यावर बसून मावश्या मोजतो.

तिसरी, शिकवण्याच्या पद्धतीची. शंभर बायांना एका हॉलमध्ये बसवून शांत राहायला शिकवता येत नाही. चिडलेल्या लेकराला कसं धरायचं, हे हातानं शिकायचं काम आहे, भाकरी थापण्यासारखं. मॅडमनी पडद्यावर दाखवलं, पण आमच्यातल्या एकीलाही ते करून बघायला सांगितलं नाही. आणि मदतनीसताईंना तर बोलावलंच नव्हतं. दिवसातला अर्धा वेळ लेकरं त्यांच्या हाताखाली असतात, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत नाही का?

चौथी तक्रार आज्ज्यांच्या वतीनं करते. पालक म्हटलं की तुमच्या पत्रकावर आई, बाबा आणि मधे हसरं मूल असं चित्र असतं. आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, ते फिटेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. गावात राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या ओटीत टाकलेली नातवंडं. गेल्या हिवाळ्यात एक आजी नातवाला घेऊन आली, पोरगं साडेतीनचं, कपाळाला टेंगूळ. 'बाई, मोबाईल दिला की गप, काढून घेतला की जमिनीला डोकं आपटतंय. मी मारते आणि मग मलाच रडू येतं. काय करू सांगा.'

सांगायला काही फार मोठं नव्हतं. मोबाईल दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, आणि बंद करायच्या आधी दोनदा सांगून. आई-बापाचा फोन रोज एकाच वेळी, दिवे लागले की. डोकं आपटायला लागलं तर मागून कवेत घ्यायचं, काही समजावायचं नाही, नुसतं त्याच्या पाठीला आपली छाती लावून सावकाश श्वास घ्यायचा. ते निवलं की म्हणायचं, 'तुला राग आला होता. आईची आठवण आली होती.' आजी म्हणाली, आठवण काढली तर जास्त रडंल. मी म्हटलं, रडू द्या, तुम्हीही रडा. पण एक गोष्ट मला तिच्याशी बोलता बोलता कळली, ती तुमच्या कुठल्याही स्लाईडवर नव्हती. ती बाई रात्री झोपत नव्हती. सत्तरीला टेकलेली, दोन नातवंडं, एक म्हैस, पाण्याला अर्धा मैल. मेंदूचा कपाळामागचा, स्वतःला आवरणारा भाग माणसाच्या विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो म्हणतात. तोपर्यंत लेकरू आपल्या माणसाकडून धीर उसना घेतं. त्या म्हातारीकडं उसना द्यायला काय उरलं होतं? म्हणून मी काय केलं, रोज एक वाजता नातवाला लगेच घरी पाठवायचं बंद केलं. तासभर तो माझ्यापाशी, आजी घरी आडवी. हे नियमात बसत नाही. महिनाभरात डोकं आपटणं जवळजवळ थांबलं.

जी लेकरं आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात त्यांचं तर विचारूच नका. सहा वर्षांवरच्या भावंडांना गावात ठेवायला हंगामी वसतिगृहाची सोय तरी आहे. धाकट्याला काहीच नाही. ते पाचटाच्या कोपीत, उसाच्या ट्रकांमध्ये, आज या फडावर तर पंधरा दिवसांनी पुढच्या. एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा 'शिवाजी म्हणतो' विसरलेलं असतं, आणि कुणी जोरात बोललं की दोन्ही हात डोक्यावर घेतं.

मागण्या थोड्या आहेत. पैशाच्याही सगळ्या नाहीत.

अंगणवाडी भरल्यापासूनचे पहिले दोन तास कुणाचे नाहीत, लेकरांचे आहेत, असा लेखी आदेश काढा. त्या वेळात फोन नाही, सर्वेक्षण नाही, फोटो नाही, भेट द्यायला आलेल्या साहेबांसाठी उभं राहून 'नमस्ते' नाही.

घरी न्यायचा आहार दुपारी, ठरलेल्या दोन दिवशी वाटू द्या. चेहरा जुळला नाही तर रजिस्टरवर सही-अंगठा घेऊन त्याच दिवशी आहार द्यायची मुभा द्या. गरोदर बाईला तीन चकरा मारायला लावून तिच्या लेकराला आम्ही कोणतं नियमन शिकवणार? आणि पडताळणीच्या टक्क्यांवरून मानधन कापायची भाषा बंद करा.

प्रशिक्षण पंधरा-वीस जणींच्या गटात, मदतनीसताईंसह, अंगणवाडीतच, लेकरं समोर असताना घ्या. एकदा नाही, वर्षातून तीन-चारदा. पर्यवेक्षिका मॅडमनी महिन्यातून एकदा रजिस्टर न मागता दोन तास जमिनीवर बसून बघावं आणि जाताना आम्हाला एक गोष्ट सांगावी, काय बरं चाललंय किंवा काय चुकतंय.

ऑक्टोबर ते एप्रिल आमच्यासारख्या स्थलांतराच्या गावांत अंगणवाडी दुपारी तासभर जास्त चालवायची परवानगी आणि त्या तासाचे पैसे द्या, आज्ज्यांसाठी. कारखान्याच्या तळावर सहा वर्षांखालच्या लेकरांना बसायला एक जागा आणि एक कायमची बाई द्या. दर आठवड्याला बदलणारी नको, तिचा काही उपयोग नाही.

आणि रिकाम्या जागा भरा. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा, हक्क आहे असं सांगितलं. त्या निकालाचा लाभ माझ्यासोबत लागलेल्या आणि आता निवृत्त होत असलेल्या बायांच्या हातात कधी पडणार, त्याची तारीख सांगा. सांगता येत नसेल तर 'अजून नक्की नाही' असं तरी सांगा.

नाव घालत नाही. गाव लहान आहे आणि बंडूची आई हे वाचू शकते. तिला मी धपाट्याचं स्वतः सांगितलं आहे, ती म्हणाली, 'बाई, मी तर रोज घालते.' तिच्यासोबत आता माझं बोलणं सुरू आहे.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर कुठल्याही कामाच्या दिवशी साडेदहाला या. आधी कळवू नका. चप्पल दाराबाहेर, फोन मदतनीसताईंच्या तांदळाच्या डब्यावर. बसायला सतरंजी आहे. शांततेच्या खेळात तुमचंही नाव घेईन, पण बहुतेक शेवटी.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
बीड जिल्हा